आधीच्या मुलींचे पॉइंट्सही मोजा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

महिला बास्केटबॉलच्या बातम्या हल्ली मराठी पेपरांत अधूनमधून दिसतात, बरं वाटतं. पण रेकॉर्डची बातमी असली की इतिहासात सर्वाधिक वगैरे छापून सगळे मोकळे होतात आणि तो इतिहास नेमका कुठल्या सालापासून धरलाय ते कोणीच सांगत नाही. मला त्याच्यावरच लिहायचंय, कारण एखाद्या खेळाडूचा सन्मान करायचा तर आधी तिने जे केलंय ते मोजलं तरी पाहिजे ना.

२०२४ चं उदाहरण घ्या. आयोवा युनिव्हर्सिटीच्या केटलिन क्लार्कने १५ फेब्रुवारीला केल्सी प्लमचा ३५२७ पॉइंट्सचा रेकॉर्ड मोडला आणि जगभर गाजलं की अमेरिकेच्या महिला कॉलेज बास्केटबॉलमध्ये सगळ्यात जास्त पॉइंट्स आता हिचे. पण त्या दिवशी ते खरं नव्हतं. कॅन्सस युनिव्हर्सिटीच्या लिनेट वुडार्डचे ३६४९ पॉइंट्स होते, १९७७ ते १९८१ या चार वर्षांतले, आणि क्लार्कने तो आकडा गाठला २८ फेब्रुवारीला. मधले ते दोन आठवडे वुडार्ड ही बाई जणू खेळलीच नव्हती. क्लार्कबद्दल माझी काहीही तक्रार नाही, ३९५१ पॉइंट्स करून ती कॉलेजमधून बाहेर पडली, तिचं कौतुक करावं तेवढं थोडंच. प्रश्न मोजणाऱ्यांचा आहे.

झालं काय, की एनसीएए म्हणजे तिथली कॉलेज स्पोर्ट्सची मोठी संघटना, तिने मुलींची बास्केटबॉल चॅम्पियनशिप पहिल्यांदा घेतली १९८२ मध्ये. त्याआधी दहा वर्षं, १९७२ पासून, ही स्पर्धा एआयएडब्ल्यू नावाची संघटना घ्यायची, जी मुख्यतः फिजिकल एज्युकेशन शिकवणाऱ्या बायकांनी उभी केली होती आणि चालवत होत्या. एनसीएए यात उतरल्यावर ती संघटना बंदच पडली. आणि मग रेकॉर्डबुकही १९८२ पासून सुरू. म्हणजे ज्यांनी हा खेळ उभा केला त्यांचे आकडे बाहेर आणि जे नंतर आले त्यांचे आत, हा कुठला न्याय झाला?

बरं, वुडार्डने ते पॉइंट्स कसे केले तेही बघा. तेव्हा मुलींच्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये थ्री-पॉइंटर, म्हणजे लांबून केलेल्या बास्केटला तीन पॉइंट्स, हा प्रकार नव्हताच, तो आला १९८७ मध्ये. बॉलही पुरुषांचाच मोठा, मुलींसाठी छोटा बॉल १९८४ च्या सीझनपासून. त्याच बॉलने, दोन-दोन आणि एक-एक पॉइंट करत तिने ३६४९ केले. पुढे १९८४ च्या ऑलिम्पिकमध्ये गोल्ड जिंकणाऱ्या टीमची ती कॅप्टन होती, १९८५ मध्ये हार्लेम ग्लोबट्रॉटर्स या प्रदर्शनी सामने खेळणाऱ्या प्रसिद्ध टीमची पहिली महिला खेळाडू झाली, आणि १९९७ मध्ये डब्ल्यूएनबीए ही महिलांची प्रोफेशनल लीग सुरू झाली तेव्हा चाळिशीला टेकलेली असूनही परत कोर्टवर उतरली, कारण तिच्या ऐन उमेदीत देशात अशी टिकाऊ लीगच नव्हती. अशा करिअरला एका ओळीचीही जागा नाही?

आणि वुडार्डच्याही वर एक नाव आहे, पर्ल मूर. साउथ कॅरोलिनातल्या फ्रान्सिस मॅरियन या छोट्या कॉलेजची मुलगी. ज्युनिअर कॉलेजचे (तिथलं दोन वर्षांचं कॉलेज, आपली अकरावी-बारावी नव्हे) थोडे धरून एकूण ४०६१ पॉइंट्स! क्लार्कच्या शेवटच्या आकड्यापेक्षाही जास्त. छोटं कॉलेज म्हणून तुलना वेगळी ठेवा हवं तर, मला ते मान्य आहे, पण नाव तर घ्या. नेस्मिथ हॉल ऑफ फेमने, म्हणजे बास्केटबॉलमधल्या थोरांचा सन्मान करणाऱ्या तिथल्या संस्थेने, तिला घेतलं २०२१ मध्ये, खेळून चाळीसेक वर्षं झाल्यावर.

आता यातली मला सगळ्यात खटकणारी गोष्ट. कोचचे विजय मोजताना हा १९८२ चा नियम लागत नाही! टेनेसीच्या पॅट समिट यांचे १०९८ विजय म्हणून जो आकडा सगळीकडे येतो त्यात १९७४ पासूनच्या मॅच धरलेल्या आहेत. स्टॅनफोर्डच्या टारा व्हॅनडर्व्हिअर १२१६ विजयांवर रिटायर झाल्या, त्यातही १९७८ पासून आयडाहोत मिळवलेले विजय आहेत. ते धरलेच पाहिजेत, शंकाच नाही. पण मॅच तीच, स्कोअरबोर्ड तोच, मग कोचचा विजय खरा आणि ज्या मुलीने पॉइंट्स करून तो विजय मिळवून दिला तिचे पॉइंट्स यादीबाहेर, हे कसं काय चालतं? मला तरी याचं पटेल असं उत्तर कुठे सापडलेलं नाही.

समिट यांच्याबद्दल लिहायला लागलं तर हे पत्र संपायचं नाही. बाविसाव्या वर्षी हेड कोच, पगार महिन्याला २५० डॉलर, टीमचे युनिफॉर्म स्वतः धुवायच्या आणि मॅचला जायची व्हॅनही स्वतः चालवायच्या. १९७६ च्या ऑलिम्पिकमध्ये खेळाडू म्हणून सिल्व्हर, १९८४ मध्ये कोच म्हणून गोल्ड, आठ नॅशनल टायटल. पण मला जास्त मोठं वाटतं ते हे, की टेनेसीत त्यांच्याकडे पूर्ण चार वर्षं खेळलेली प्रत्येक मुलगी डिग्री घेऊनच बाहेर पडली. २०११ मध्ये अल्झायमरचं निदान झालं तरी आणखी एक सीझन त्या बेंचवर होत्या. कोचचा सन्मान नुसत्या विजयांच्या आकड्यावर करू नये असं मला वाटतं ते यामुळेच.

मार्गारेट वेड यांचं तर बघा. मिसिसिपीच्या डेल्टा स्टेट कॉलेजात त्या स्वतः खेळायच्या, पण १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला, मुलींना हा खेळ झेपणार नाही, फार दगदगीचा आहे म्हणून कॉलेजने टीमच बंद केली. चाळीस वर्षांनी, १९७३ मध्ये, त्याच कॉलेजने टीम परत सुरू केली तेव्हा कोच म्हणून वेडबाईंनाच बोलावलं, वय साठ, आणि त्यांनी १९७५, ७६, ७७ अशी सलग तीन वर्षं नॅशनल टायटल आणलं. या टीमची स्टार लुशिया हॅरिस. ऑलिम्पिकमध्ये महिला बास्केटबॉल पहिल्यांदा आलं १९७६ ला मॉन्ट्रियलमध्ये, आणि त्यातली पहिली बास्केट तिचीच. कॉलेजमध्ये २९८१ पॉइंट्स, तेही अर्थात १९८२ च्या आधीचे.

हॉल ऑफ फेमवाल्यांनीही सुरुवातीला काही घाई केली नाही. नेस्मिथ हॉल ऑफ फेममध्ये पहिली निवड झाली १९५९ मध्ये आणि पहिल्या महिला आल्या १९८५ मध्ये. वेड त्यात होत्या, आणि सेंडा बेरेन्सनही, ज्यांनी १८९२ मध्ये स्मिथ कॉलेजात मुलींना हा खेळ पहिल्यांदा शिकवला. बेरेन्सन १९५४ मध्येच गेल्या होत्या, त्यांना हे बघायला मिळालंच नाही. महिला खेळाडूंना तर त्या दारात पाऊल ठेवायला १९९२ उजाडलं, लुशिया हॅरिस आणि निरा व्हाइट. म्हणून १९९९ मध्ये नॉक्सव्हिलला फक्त महिला बास्केटबॉलसाठी वेगळा हॉल ऑफ फेम उघडला ते मला फार योग्य वाटतं. वेगळा कशाला, बायकांना बाजूला काढल्यासारखं होतं, असं काही लोक म्हणतात. मला नाही पटत. मोठ्या घरात जागा मिळेपर्यंत माणसं म्हातारी होतात, काही जातातही, तोवर निदान हक्काची जागा तरी हवी.

आणि फक्त अमेरिकाच कशाला, लाटव्हियाची उल्याना सेम्योनोवा सोव्हिएत टीमकडून १९७६ आणि १९८० ची गोल्ड जिंकली आणि इतक्या वर्षांत एकही अधिकृत आंतरराष्ट्रीय मॅच हरली नाही. ब्राझीलच्या हॉर्तेन्सियाने १९९४ ला वर्ल्ड चॅम्पियनशिप जिंकली. ऑस्ट्रेलियाची लॉरेन जॅक्सन तर नेस्मिथ हॉल ऑफ फेममध्ये गेल्यावर परत खेळायला आली आणि २०२२ च्या वर्ल्ड कपमध्ये ४१ व्या वर्षी ब्रॉन्झच्या मॅचमध्ये ३० पॉइंट्स केले! यातल्या किती जणींची नावं आपल्या स्पोर्ट्स पेजवर येतात?

माझी विनंती एवढीच. हॉल ऑफ फेमची नवीन यादी जाहीर होते तेव्हा नुसती नावं नका देऊ, कोणी कुठे, कुठल्या काळात, कुठल्या नियमांत काय केलं ते दोन-दोन ओळींत तरी द्या, त्यात कोचही आल्या पाहिजेत. आणि कुठलाही सर्वाधिकचा आकडा छापताना तो कुठल्या सालापासून मोजलाय ते कंसात का होईना पण लिहा. फार जागा लागणार नाही त्याला.

आपली,
एक नियमित वाचक