सरावाचा अभाव एवढेच कारण नाही

ग्रामीण शाळांतील वाचनाविषयीचा आपला अग्रलेख वाचला. 'मुले सराव करत नाहीत' हे त्यातील कारण सरसकट पटत नाही. माझ्या वर्गातला एक मुलगा कापूस वेचणीचा हिशेब तोंडी बिनचूक सांगतो. पण 'कमळ'मधून 'म' काढला तर काय उरते, इथे अडतो. डिस्लेक्सियात, म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचन-लेखन जड जाण्याच्या अडचणीत, बहुधा हेच होते. कान चांगले असतात, पण शब्दातले ध्वनी सुटे करून अक्षरांशी जोडणे मेंदूला जड जाते. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात अशा अध्ययन अक्षमतेचा (शिकण्यातल्या अडचणीचा) समावेश आहे. तरी अशा पोराला सर्रास 'ढ' म्हणतात, याचे फार वाईट वाटते. त्याच्या तपासणीची सोय तालुक्यालाच हवी. मजुरी बुडवून पालक जिल्ह्याला किती खेपा घालणार?

– एक शिक्षिका, दारव्हा (जि. यवतमाळ)