चाकणला गेलेल्या सागरला

१२ ऑगस्ट २०२५

चि. सागर,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू चिडलास, मग माझाही आवाज चढला. अभ्यासिका सोडून पत्रा कापणाऱ्या-दाबणाऱ्या मशीनच्या प्रेस शॉपला रात्रपाळी धरलीस, त्यावर आता काही बोलणार नाही. खोलीचं भाडं स्वतः भरतोस, याचं आक्कापाशी कौतुक करून झालंय. एवढंच सांग, तुझ्या प्रेसला दोन हातांची बटणं आहेत की पायडल?

बटणं असतील तर त्यातलं एक चिकटपट्टीने दाबून ठेवलेलं नाही ना, ते बघ. उत्पादनाचा आकडा गाठायला सर्रास करतात. मग एक हात मोकळा राहतो आणि तोच डायमध्ये, म्हणजे साच्यात जातो. अडकलेला जॉब, म्हणजे पत्र्याचा तुकडा, मोटर बंद करून, चिमट्यानेच काढायचा. स्विच बंद केला तरी फ्लायव्हीलचं जड चाक फिरत असतं, ते थांबू दे. जुन्या प्रेसच्या क्लचची चावी झिजली की पायडल न दाबताही दुसरा स्ट्रोक पडतो. असा एकदा जरी पडला तरी साचा बसवणाऱ्या सेटरला सांगून मशीनवरून उठ. शिव्या खाव्या लागल्या तर खा.

दुसरं, ठेकेदाराने ईएसआयमध्ये, म्हणजे कामगारांच्या राज्य विमा योजनेत, नाव घातलंय का? पगार २१,००० च्या आत आहे, म्हणजे घालायलाच हवं. पगाराच्या चिठ्ठीवर ०.७५ टक्के कपात दिसते का बघ. अपघाताच्या लाभाला किती महिने वर्गणी भरली ते बघत नाहीत, पहिल्या दिवसापासून हक्क असतो. घोळ होतो तो कागदावर. जखमी पोराला ओळखीच्या खासगी दवाखान्यात नेतात, केसपेपरवर ‘घरी पडला’ लिहून घेतात, हातावर चार पैसे ठेवतात. पुढे दावा चालायचा कशावर? म्हणून अपघात वहीत वेळ, मशीन आणि साक्षीदार लिहून घ्यायचे, डॉक्टरला कारण आपल्या तोंडाने सांगायचं आणि मालकाने फॉर्म १२, म्हणजे अपघाताचा अहवाल, ईएसआयला पाठवला का ते विचारायचं. कोऱ्या कागदावर सही नाही.

बघ, पत्राचं परिपत्रक झालं. रागावू नकोस.

पण हा हिशेब ऐकच. कायद्याच्या अनुसूचीत अख्खी तर्जनी गेली तर कमाईची ताकद १४ टक्के गेली असं धरतात. रोज ५०० पडत असेल तर त्याचे ९० टक्के ४५०, आणि त्याचे १४ टक्के ६३. दिवसाला ६३ रुपये, जन्मभर. आणि तू तयारी करतोस लिपिक-टंकलेखकाची, मराठी मिनिटाला ३० शब्द! इनस्क्रिप्ट या मराठी कीबोर्डवर र, प, ह, ल, स ही सगळी उजव्या तर्जनीची अक्षरं. दिव्यांग आरक्षण म्हणशील तर तिथे ४० टक्के लागतात, ती मोजणीही वेगळी. एका बोटाने तिथवर पोचत नाही. म्हणजे ना इकडचा, ना तिकडचा.

नाना म्हणतात, महापालिकेत ठेक्यावर चिकटू दे, पुढे कायम करतील. २००६ च्या उमादेवी निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने स्पष्ट सांगितलंय की जाहिरात आणि खुली स्पर्धा यांतून न आलेल्याला नुसती वर्षं भरली म्हणून कायम होण्याचा हक्क मिळत नाही. नानांना दुखवू नकोस, ‘बघतो’ म्हण. तू गुणवत्ता यादीतूनच आत जाशील. हे आईपणाने म्हणत नाही, तुझ्या सराव चाचण्यांचे गुण बघून म्हणते. ताईच्या वेळी मी असं म्हटलं नव्हतं, ते तिलाही माहीत आहे.

रात्री तीन-चारला डोळा लागतो तेव्हा तरी प्रेसवर बसू नकोस. पॅकिंगला मागून घे. पुन्हा तेच बोलले ना मी.

ईएसआयचा आयपी नंबर, म्हणजे तुझा विमा क्रमांक, मिळाला की मला पाठव. ठेकेदाराने नाव घातलं नसेल तर त्याच्याशी भांडायला जाऊ नकोस. त्याने वर्गणी बुडवली तरी तुझा लाभ बुडत नाही, ईएसआय महामंडळ तो देतं आणि मालकाकडून वसूल करतं. त्याचं आणि कंपनीचं नाव तेवढं कळव, अर्ज मी लिहिते.

तुझी
आई