बॅटरी उलटी लागली म्हणून, चि. रेवास

चि. रेवा,
अनेक आशीर्वाद.

क्लॅम्प टेकवताच मोठी ठिणगी पडली, आणि नंतर बॅटरी सरळ जोडली तरी डॅशबोर्डवर एकही दिवा नाही, असं तू म्हणालीस. सगळं एकदम गेलंय म्हणजे बहुतेक मोठा फ्युज उडालाय. म्हणजे नशीब चांगलं! पण त्या जागी तार गुंडाळायची नाही की जास्त अँपिअरचा फ्युज घालायचा नाही. उलट्या बॅटरीतून वाचलेलं सामान त्या तारेनेच जळतं.

आधी कारण समजून घे. अल्टरनेटर म्हणजे इंजिनच्या जोरावर बॅटरी चार्ज करणारा जनरेटर. त्यात 6 डायोड असतात, म्हणजे करंट एकाच दिशेने सोडणारे भाग. ते एसीचा डीसी करतात आणि बॅटरीचा करंट मागे येऊ देत नाहीत. बॅटरी उलटी लागली की त्यांना तीच सरळ दिशा वाटते. मग दोन-दोन डायोडमधून थेट शॉर्ट झाल्यासारखा शेकडो अँपिअर करंट धावतो. फ्युज लगेच उडाला तर डायोड वाचतात, रेंगाळला तर तेही जातात.

काम सकाळी उरक. जुळे सोलापुरात अकरानंतर बॉनेटला हात लागत नाही. दहा नंबरच्या पान्याने मायनस आधी काढ. जोडताना मात्र प्लस आधी, मायनस शेवटी. मल्टिमीटर 20 व्होल्ट डीसीवर ठेव, लाल पिन प्लसवर लाव. 12.4 च्या वर आकडा आला तर बॅटरी ठीक. वजा चिन्ह दिसलं तर पिना तपास. पिना बरोबर असूनही वजाच येत असेल तर ती बॅटरी गाडीला लावायची नाही.

मोठा फ्युज प्लसच्या डोक्यावर किंवा बॉनेटखालच्या डब्यात असतो, 80 ते 120 अँपिअरचा. पुष्कळ गाड्यांत तो नटबोल्टने कसलेला असतो. चिमट्याने ओढू नकोस, डबा फुटेल. लहान फ्युज नुसते डोळ्यांनी बघून भागत नाही, बारीक तडा दिसत नाही. प्रत्येकाच्या डोक्यावर धातूचे दोन ठिपके असतात, त्यांवर मीटरची बीप घे. बदलताना रंग तोच हवा: लाल 10, निळा 15, पिवळा 20, हिरवा 30.

नवा मोठा फ्युज बसवलास तरी मायनस थेट जोडू नकोस. हेडलाइटचा जुना 60 वॅटचा बल्ब घे, त्याला दोन वायरी लाव, एक टोक मायनसच्या खुंट्याला आणि दुसरं मायनसच्या केबलला. किल्ली बाहेर, दारं बंद. क्षणभर लकाकून बल्ब विझला किंवा अगदी मंद राहिला तर शॉर्ट नाही. पूर्ण उजेडाने पेटून राहिला तर शॉर्ट आहे, पण बल्बमुळे करंट 5 अँपिअरच्या आसपासच अडकतो, नवा फ्युज जात नाही.

शॉर्ट निघाला तर पहिला संशय अल्टरनेटरवर. मायनस सोडवून त्याच्या बी टर्मिनलची (बॅटरीच्या प्लसकडे जाणारी) जाड वायर काढ, टोकाला चिकटपट्टी गुंडाळ आणि बल्ब पुन्हा लाव. आता विझला तर डायोड गेले. खात्रीसाठी मीटर डायोडवर ठेव: लाल पिन अल्टरनेटरच्या बॉडीला, काळी बी ला. साधारण 0.8 ते 1 आला पाहिजे. दोन्ही दिशांना शून्याजवळ आला तर रेक्टिफायर प्लेट, म्हणजे हे डायोड बसवलेली प्लेट, बदलायची. वायरमन अख्खा अल्टरनेटर घ्या म्हणेल, पण प्लेट वेगळी मिळते का ते आधी विचार.

बल्ब तरीही पेटलेलाच असेल तर एकेक फ्युज उपटत जा. ज्या फ्युजला बल्ब विझेल, त्या लाइनवर दोष. तिथे रिलेही बघ, म्हणजे कॉइलने चालणारे छोटे स्विच. काही रिलेंच्या कॉइलला आतून डायोड असतो, तो शॉर्ट होतो. 85 आणि 86 या पायांत सत्तर-ऐंशी ओहम यायला हवेत, शून्य नव्हे.

सगळं जोडून किल्ली ऑन केल्यावर चेक इंजिनचा दिवा लागला आणि पेट्रोल पंपाचा दोन सेकंद घूं आवाज आला तर ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, बहुधा शाबूत आहे. दोन्ही नाही, तर आधी ईसीयूचा फ्युज आणि मेन रिले. तेही ठीक असतील तर बोर्डावर सप्लायजवळचा संरक्षक डायोड गेलेला असू शकतो. तो स्वस्त असतो, बोर्ड दुरुस्त करणारा बदलून देतो. नव्या ईसीयूला किल्लीची जुळणी पुन्हा करावी लागते, म्हणून ती घाई नको. एअरबॅगच्या पिवळ्या कनेक्टरला मीटर लावू नकोस, ती फुटू शकते. टेप बंद असेल तर त्याच्या पाठीमागचाही फ्युज बघ.

गाडी चालू झाली की बॅटरीवर 13.8 ते 14.5 व्होल्ट हवेत. मग मीटर एसीवर घे. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आलं तर एखादा डायोड अर्धवट गेलाय. आसरा चौकापर्यंत जाऊन ये आणि पुन्हा मोज.

राहिली ती बॅटरी. प्लसचा खुंटा मायनसपेक्षा जाड असतो, म्हणून उलटी लावताना एक क्लॅम्प बसतच नाही आणि दुसरा डुगडुगतो. दुकानदाराने आकार तोच दिला, पण तुझी केबल ताणावी लागली म्हणजे प्लस दुसऱ्या बाजूला असणार. जुन्या लेबलवर नंबरच्या शेवटी एल आहे की आर ते बघ आणि तसलीच बदलून आण. बिल टीव्हीखालच्या खणात ठेव.

तुझे,
अप्पा