मास्तर, माझी पँट तुम्ही वाचलीत

शिंपी मास्तरांना नमस्कार.

समोर येऊन आभार मानायचा दोनदा प्रयत्न केला. दोन्ही वेळा तुमच्या तोंडात टाचण्या होत्या आणि "हं, हं" करत तुम्ही मला वाटेला लावलंत. म्हणून आता लिहूनच काढतो. तेही उघडपणे, म्हणजे उन्हात, ग्रीसमध्ये, ठिणग्यांत राबणाऱ्या इतरांच्याही नजरेखालून जाईल.

सुरुवात शिडीवरून करतो. एक पाय वरच्या पायरीवर टाकला आणि पँटीच्या आसनात, दोन पायांच्या जोडावर, टर्रकन आवाज झाला. खाली पाइप धरून उभे असलेले दोघे हेल्पर इतके हसले की त्यांना पाइप खाली ठेवावा लागला. उरलेला दिवस मी कमरेला शर्ट गुंडाळून काढला. संध्याकाळी पँट तुमच्या टेबलावर टाकली. तीच जागा, तिसरी खेप. म्हणालो, "मास्तर, डबल टीप मारा, परत उसवता कामा नये." तुम्ही पँट उलटी केलीत, उजेडाकडे धरलीत आणि म्हणालात, "उसवली कुठंय? फाटलीय ही."

मला वाटलं, तुम्ही शब्दाचा कीस पाडताय. पण तुम्ही माझं बोट धरून शिवणीवरून फिरवलंत. दोरा शाबूत होता, टाका न् टाका जागेवर. त्याच्या शेजारी, अर्ध्या बोटावर, कापड चिरलं होतं. "उसवते ती दोऱ्याची चूक. फाटते ती बेतणाऱ्याची. आणि विरते ती कापडाची, नाहीतर धुणाऱ्याची." वर हेही सांगितलंत, की घरात असतील नसतील त्या जुन्या कामाच्या पँटी घेऊन ये. आणि धुऊन आण.

तोवर माझा हिशोब साधा होता. पँट फाटली की पुढची तिच्याहून जाड घ्यायची. असं करत करत मी १२ औंसाच्या जीन्सपर्यंत पोचलो होतो, म्हणजे चौरस मीटरला साधारण ४०० ग्रॅम कापड. पत्र्याच्या छपराखाली, भर दुपारी. मांड्या घासून सोलवटायच्या, पोटऱ्यांवर घामोळं उठायचं आणि तरी पँट फाटायचीच. जाडीचा इतका त्रास सोसून टिकाऊपणा का मिळत नाही, हे कोडं मला वर्षानुवर्षं सुटलं नव्हतं. तुम्ही ते चहाचा कप संपायच्या आत सोडवलंत.

पहिली गोष्ट तुम्ही केलीत ती मापाची. आजवर कुणीही माझं माप मी उभा असतानाच घेतलं होतं. तुम्ही म्हणालात, "काम कसं करतोस ते करून दाखव." मी उकिडवा बसलो, मग एका गुडघ्यावर आलो, मग स्टुलावर पाय टाकला. खिशात किल्ल्या आणि फोन तसेच ठेवायला लावलेत. मी बसलो की पँटीची कंबर मागून चार बोटं खाली सरकत होती. आसन इतकं आखूड होतं की बसताना कापडाला जायला जागाच नव्हती. फॅशनची कमरेखाली बसणारी पँट चालायला-फिरायला ठीक आहे. दिवसातून शंभरदा खाली बसणाऱ्या माणसाला ती दर खेपेला ओढून धरते.

त्यातच घामाचा भाग आला, जो मला कधी सुचला नसता. ओलं सुती कापड सुक्यापेक्षा कमजोर असतं अशी माझी समजूत. तुम्ही सांगितलंत की उलट आहे, कापसाचा धागा ओला झाल्यावर जास्त ताण सहन करतो. मग घामाने भिजलेलीच पँट का फाटते? कारण ती कातडीला चिकटते. सुकी पँट गुडघा वाकवला की मांडीवरून सरकते. ओली सरकत नाही, गुडघ्याला आणि मांडीला धरून बसते आणि सगळी ओढ एकट्या आसनावर येते. तिथं तर पुढचे दोन आणि मागचे दोन असे चार तुकडे एकाच ठिपक्यावर येऊन मिळालेले. जाड कापडाच्या शिवणींचा तिथं गठ्ठा होतो, तोच मांड्या सोलवटतो आणि त्याच्याच कडेला कापड चिरतं. माझ्या दोन्ही तक्रारी एकाच जागी जन्म घेत होत्या, आणि मी एकीसाठी पावडर लावत होतो तर दुसरीसाठी डबल टीप मागत होतो.

तुमचा उपाय म्हणजे पतंगाच्या आकाराचा एक तुकडा. गसेट. आसनात तो बसवला की चार शिवणी एका ठिपक्यावर येत नाहीत, चार कोपऱ्यांना पांगतात. पाय फाकवायला कापड मिळतं आणि घासणारा गठ्ठाही नाहीसा होतो. हातभर कापडसुद्धा लागलं नाही. आता मी कुणाला तयार पँट घेताना पाहिलं की आधी सांगतो, उलटी कर आणि आसन बघ. तो तुकडा असेल तर पुढचं बोलू. स्ट्रेच कापडाबद्दल मी विचारलं होतं, तेव्हा तुम्ही नाक मुरडलंत. इलास्टेन, म्हणजे रबरासारखा ताणणारा धागा, दोन टक्के असेल तर बसायला-उठायला खरंच सोपं जातं, हे मी वापरून सांगतो. पण तो धागा उष्णतेनं आणि ब्लीचनं लवकर मरतो, मग गुडघ्यांना पोतं होतं. बेत नीट असेल तर त्याच्या मेहेरबानीची गरज पडत नाही, एवढं मान्य.

माझी दुसरी पँट पाहून तुम्ही काहीच बोलला नाहीत, फक्त भोकांवरून बोट फिरवलंत. जीन्सला कंटाळून मी ती घेतली होती: पातळ, हलकी, दोरीवर टाकली की अर्ध्या तासात वाळणारी. पॉलिस्टर. ग्राइंडर चालवताना पहिल्याच आठवड्यात तिला मोहरीच्या दाण्याएवढी भोकं पडली, कडेला कडक मणी असलेली. एक ठिणगी मांडीपर्यंत गेली होती, त्याचा डाग अजून आहे. पॉलिस्टर २५० ते २६० अंश सेल्सिअसला वितळतं, ग्राइंडरची ठिणगी त्याच्या कितीतरी पुढे असते. वितळलेला थेंब कातडीला चिकटतो आणि जागच्या जागी शेकत राहतो. कापूस वितळत नाही, कोळसतो. साधं सुती कापडही पेट घेऊ शकतं, हे तुम्ही बजावून सांगितलंत. म्हणून सतत वेल्डिंग करणाऱ्याला अग्निरोधक कापडच हवं, आणि ते शिवायला उष्णता सोसणारा ॲरामिडचा दोरा. माझं काम मिसळीचं आहे, त्यामुळे आपण ठरवलं की पँट शंभर टक्के सुती, मध्यम वजनाची, आणि वेल्डिंगच्या वेळेपुरता वरून चामड्याचा ॲप्रन. दिवसभर चिलखत घालून फिरण्यापेक्षा लागेल तेव्हा चढवावं, हे मला आधी का सुचलं नाही कोण जाणे.

मात्र माझा एक मित्र फरशी बसवतो. त्याच्या कामात ठिणगी नाही, पाणी आणि सिमेंटचा चिखल आहे. त्याला तुम्ही बेधडक पॉलिस्टर-कॉटन मिश्रण सांगितलंत, तेव्हा मला तुमच्याबद्दल जास्त आदर वाटला. कापूस दमट हवेत आपल्या वजनाच्या सात-आठ टक्के पाणी सहज धरून बसतो, पॉलिस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. भिजून-वाळून काम करणाऱ्याला मिश्रणच सोयीचं. एकच कापड सगळ्यांच्या गळ्यात मारणारे पुष्कळ भेटतात.

कापड निवडायला तुम्ही मला शिकवलंत ते मात्र मी अजून नीट शिकलेलो नाही. चौरस मीटरला अडीचशे-पावणेतीनशे ग्रॅम, तिरक्या विणीचं, उजेडाकडे धरलं तर चाळणीसारखं दिसू नये, एवढं कळलं. रिपस्टॉपचे बारीक चौकोन का असतात तेही कळलं: ठरावीक अंतरावर जाड धागा विणलेला असतो, फाट तिथं येऊन अडते. पण तुम्ही दोन बोटांत कापड चोळून "यात खळ फार आहे, धुतल्यावर याचं फडकं होईल" म्हणता, ते मला जमत नाही. मी आपला एक तुकडा धुऊन बघतो. आटतं किती तेही त्यातच समजतं.

रिव्हेटवरून आपलं थोडं वाजलं होतं. मला खिशाच्या कोपऱ्यांना तांब्याच्या टिकल्या हव्या होत्या. तेव्हा तुम्ही मशीन थांबवून जेकब डेव्हिसची गोष्ट सांगितलीत. अमेरिकेत नेवाडातल्या रीनो गावचा शिंपी. एका लाकूडतोड्याची बायको त्याच्याकडे आली, नवऱ्याला टिकेल अशी पँट शिवून दे म्हणून. घोड्याच्या झुलींना मारायचे रिव्हेट त्याच्याकडे पडले होते, ते त्याने खिशांच्या कोपऱ्यांना ठोकले. पुढे कापडाचा व्यापारी लेव्ही स्ट्रॉस याला सोबत घेतलं आणि २० मे १८७३ रोजी त्याचं पेटंट मिळालं. जगभर नाव झालं ते व्यापाऱ्याचं. हे सांगताना तुमचा आवाज असा काही झाला होता, जणू डेव्हिस तुमच्याच शेजारच्या मशीनवर बसायचा. आणि एवढं सगळं सांगून शेवटी म्हणालात, "पण तुला नको. आगीजवळ बसतोस, टिकली तापली तर चटका खाशील." माझ्या खिशांना तुम्ही बारटॅक मारलेत, दाट आडवे टाके. आजवर एकही कोपरा सुटलेला नाही.

तिसरी पँट गुडघ्यांवर विरली होती. ही खूण वाचायला मी तोवर शिकलो होतो, म्हणून मीच ऐटीत म्हणालो, गुडघ्याला दुहेरी कापड लावा. तुम्ही पँट झटकलीत आणि टेबलावर वाळू पडली. तिच्या गुडघ्याला आधीच दुहेरी कापड होतं! चारी बाजूंनी शिवलेलं. दोन थरांत कचरा, वाळू, लोखंडाचा कीस शिरत राहिला, बाहेर पडायला वाट नव्हती, आणि मी गुडघे टेकताना तोच कीस पॉलिशपेपरसारखा कापड आतून कापत होता. तुम्ही नव्या पँटीच्या गुडघ्याला दुहेरी थर दिलात पण खालची बाजू मोकळी ठेवलीत. तिथून कचरा गळतो, आणि हवी तर पॅडही सरकवता येते. इतकी साधी वाट, पण पैसे देऊन घेतलेल्या पँटीत कुणी ठेवली नव्हती.

धुण्यावरून तुम्ही मला जे बोललात ते इथे सगळं लिहीत नाही. कपडे घासायचा ब्रश फेकून दिला आहे. आता पँट आधी झटकतो, उलटी करतो, ग्रीसचे डाग भांडी घासायच्या साबणानं वेगळे भिजवतो, आणि घरच्या कपड्यांत कामाचे कपडे घालत नाही. क्लोरीनच्या ब्लीचला हात लावत नाही. दोन पँटी आलटून-पालटून वापरायला सांगितलंत, त्याला खर्च म्हणून मी कुरकुरलो होतो. रोज ओलसर पँट चढवणं बंद झाल्यावर मांड्यांचं सोलवटणं जवळजवळ गेलं, तेव्हा गप्प झालो.

पायांच्या बाबतीत तुमचं पूर्ण ऐकलं. मांडीत ढिली, म्हणजे चालताना आत वारा खेळतो. खाली बेताची, म्हणजे फिरत्या मशीनमध्ये अडकत नाही. बुटावर नीट पडते आणि खाली दुमड नाही, कारण दुमडीत ठिणगी जाऊन बसते. रंग मळखाऊ, खाकी. खाक म्हणजे धूळ, हे तुमच्याकडूनच कळलं. त्यानंतर पँट मळली म्हणून वाईट वाटायचं बंद झालं.

मांडीवरच्या खिशाबद्दल मात्र मी अजून भांडणार. तुम्ही म्हणता त्यात माणूस भंगार साठवतो. साठवतो, खरं आहे. पण टेप आणि मार्कर ठेवायला तिथल्यासारखी जागा नाही, मागच्या खिशात टेप ठेवून उकिडवं बसून बघा एकदा. तुम्ही नाइलाजानं एक खिसा दिलात, तोही झाकण लावून. झाकण ठिणगीसाठी, हे मला घरी गेल्यावर उमगलं.

या सगळ्याचे तुम्ही शिलाईपलीकडे काहीच घेतले नाहीत. तिसऱ्यांदा नुसती डबल टीप मारून दिली असतीत तर मी खूश होऊन गेलो असतो आणि चौथ्यांदा परत आलो असतो. तुमचाच फायदा होता. तुम्ही मला शिडीवर पाय टाकताना मागं हात लावून बघायच्या सवयीतून सोडवलंत. मास्तर, मनापासून आभार.

शनिवारी येतोय. तुम्ही शिवलेली पहिली पँट घेऊन. आसन जसंच्या तसं आहे, टीप एक निघालेली नाही, पण उजवा गुडघा विरायला लागलाय आणि डावा शाबूत आहे. का, ते मला समजलंय असं वाटतं. तरी आधी तुम्ही सांगा, मी गप्प बसतो. धुऊन आणतोय.

तुमचा,
तिसऱ्यांदा तीच पँट घेऊन आलेला फिटर