सोलापूरचा स्वतःचा अँटिबायोग्रॅम हवा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

३१ वर्षं मी सोलापुरात लॅबमध्ये लघवी, पू आणि थुंकीचे नमुने तपासले. बशीत जंतूंचा दुधी थर, त्यावर अँटिबायोटिकच्या कागदी चकत्या. औषध लागू पडत असलं की चकतीभोवती स्वच्छ गोल उमटतो. निवृत्तीच्या सुमारास कितीतरी बशांत थर थेट चकतीच्या कडेला टेकलेला असायचा, आणि कल्चर रिपोर्टवर मी एकाखाली एक 'आर' (रेझिस्टंट, म्हणजे औषधाला दाद न देणारा) लिहीत जायचे.

परवा पूर्व भागातल्या एका मेडिकलमध्ये यंत्रमागावरचा कामगार आला. ताप होता. दुकानदाराने सेफिक्सिम या अँटिबायोटिकच्या पट्टीतून कात्रीने दोन गोळ्या कापून दिल्या. चिठ्ठी नाही, नोंद नाही. हे औषध अनुसूची एच-१ मधलं, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या औषधांच्या सरकारी यादीतलं. १ मार्च २०१४ पासून रुग्णाची आणि डॉक्टरांची वेगळ्या वहीत नोंद करून ती तीन वर्षं जपणं बंधनकारक आहे. कामगाराला मी दोष देत नाही, दवाखान्यात बसलं की त्याची हजेरी बुडते. दुकानदाराला टोकलं तर म्हणाला, "ताई, जंतू दाद देईनासे झाले की ते औषध काही महिने बंद ठेवायचं, आपोआप वठणीवर येतात."

शिकलेली माणसंही हेच म्हणतात, म्हणून हे पत्र.

त्यात थोडं तथ्य आहे. रिफॅम्पिसिन हे क्षयरोगावरचं औषध जंतूच्या आरएनए बनवणाऱ्या एन्झाइमला चिकटतं. त्या एन्झाइमच्या जनुकात एक बदल झाला की औषध चिकटत नाही, पण बऱ्याचदा जंतूची वाढही मंदावते, म्हणून औषध नसताना तो मागे पडू शकतो. शास्त्रज्ञ नेमका तेवढाच बदल जंतूच्या जीनोममध्ये (त्याच्या संपूर्ण जनुकीय संचात) घालतात, तो जंतू आणि मूळ जंतू एकाच चंबूत वाढवतात आणि नंतर बशीवर दोघांच्या वसाहती मोजतात. कोण किती मागे पडला ते आकड्यात कळतं. मात्र तोच मंदावलेला जंतू औषधाशिवाय पिढ्यानपिढ्या वाढवला, तर अनेकदा तो बदल पुसला जाऊन जंतू पूर्वीसारखा होतच नाही. जीनोममध्ये दुसऱ्याच जागी बदल होऊन त्याची वाढ सुधारते, आणि प्रतिकार तसाच राहतो. क्षयरुग्णांकडून मिळालेल्या जंतूंमध्येही असे भरपाईचे बदल सापडले आहेत. त्यामुळे नुसतं औषध बंद ठेवून भागेल याची खात्री नाही.

महापालिकेने शहरातल्या सगळ्या लॅब आणि रुग्णालयांचे कल्चर रिपोर्ट, रुग्णांची नावं वगळून, एकत्र करावेत आणि दरवर्षी सोलापूरचा अँटिबायोग्रॅम काढावा: कोणत्या जंतूवर इथे कोणतं औषध किती चालतं, याचा एकपानी तक्ता. कल्चरचा रिपोर्ट यायला दोन-तीन दिवस लागतात. तोवर काय द्यायचं हे डॉक्टरांना अंदाजाने ठरवावं लागतं. तो अंदाज तरी आपल्या गावच्या जंतूंवरून बांधता येईल. एच-१ च्या वह्याही कुणीतरी दुकानात जाऊन उघडून पाहाव्यात.

तक्ते भरायला माणूस कमी पडला तर मी रोज दोन तास विनामोबदला यायला तयार आहे.

आपली,
एक निवृत्त लॅब टेक्निशियन
पूर्व भाग, सोलापूर