रंकाळ्यावरच्या वस्तादांना, एका आक्काकडून

दादा, नमस्कार. तुमचं खरं नाव मला अजून माहीत नाही. सगळे वस्ताद म्हणतात म्हणून मीही वस्तादच म्हणत आले. समोर आभार मानायला गेलं की तुम्ही "असू दे ओ आक्का, त्यात काय एवढं" म्हणून विषयच बदलता, म्हणून शेवटी इथं लिहितेय, तुमचा नातू वाचून दाखवेल याची खात्री आहे.

काल मी रंकाळा टॉवरपासून संध्यामठ दिसतो तिथपर्यंत जाऊन परत आले, मध्ये कुठंच टेकले नाही. घरी आले, पाणी प्यायले आणि एकदम भरूनच आलं. गेल्या वर्षी याच दिवसांत मी आतल्या खोलीतनं स्वयंपाकघरात भिंतीला धरून जात होते हो.

उजव्या गुडघ्याची झीज झालीय हे कळल्यावर किती जणांकडं गेले असेन. एका ठिकाणी डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाकडं धरून बघितला, माझ्याकडं मात्र मान वर करून बघितलं नाही, "वय झालं आता, फिरणं बंद करा, घरी बसून देवाचं करा" एवढं बोलून पुढचा नंबर बोलावला. घराजवळच्या जिममध्ये चौकशी केली तर साठीच्या वरच्यांना घेत नाही म्हणाले, रिस्क नको. आणि काठी घ्यायला गेले त्या दुकानात त्या माणसानं कोपऱ्यातली एक लाकडी काठी हातात दिली, "सगळ्यांना हीच बसते मावशी" म्हणाला आणि पैसे घेतले. मला अजून राग येतो. यातल्या एकानंही मी चार पावलं चालते कशी ते बघितलं नाही.

तुम्ही बघितलंत. मी कट्ट्यावर बसले होते, तुम्ही पुढं गेलात, परत मागं आलात आणि पहिला प्रश्न काय, तर "आक्का, रात्री खांदा दुखतोय न्हवं?" गुडघ्याबद्दल जो तो विचारायचा पण खांद्याचं मी लेकीलासुद्धा सांगितलं नव्हतं. मग म्हणालात, चप्पल घालून सरळ उभ्या ऱ्हावा, हात सैल सोडा, समोर पाण्याकडं बघा. आणि तुम्ही, त्या मोडलेल्या कानांचे एवढे थोरले पैलवान, फुटपाथवर गुडघं टेकून खाली बसलात आणि माझ्या मनगटावर जिथं घडी पडते तिथं काठीवर पेन्सिलीनं खूण केलीत. मूठ त्या घडीच्या रेषेत पाहिजे, म्हणजे काठी धरल्यावर कोपर जरासं वाकतं आणि खांदा वर उचलला जात नाही, माझी काठी चांगली चार बोटं उंच होती. दुसऱ्या दिवशी पिशवीतनं करवत घेऊन आलात, कट्ट्यावर काठी आडवी ठेवून खालनं तेवढा तुकडा कापलात, कड पॉलिश पेपरनं घासलीत, रबरी टोपी परत बसवून दोनदा जमिनीवर आपटून बघितलीत. येणारे जाणारे थांबून बघत होते, तुम्हाला त्याचं काही नव्हतं. काठी हातात देऊन विचारलंत, "आता खांदा काय म्हणतोय?"

पुढं तुम्ही बरंच शिकवलंत, पण दादा, मला आठवतं ते तुमचं ते खाली बसणं. माझ्यासाठी कुणी एवढं निरखून माप घेतलं त्याला किती वर्षं झाली असतील.

काठी डाव्या हातात धरायला लावलीत तेव्हा मला पटेना, दुखतोय उजवा गुडघा. काठी आणि दुखरा पाय बरोबर पुढं टाकायचा, म्हणजे भार वाटला जातो, हे तुम्ही स्वतः चालून दाखवलंत. तालमीत गुडघा गेला तेव्हा स्वतःच शिकलो म्हणालात. पायरी चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी, हे मी आता देवळाच्या पायऱ्यांवर शेजारच्या काकूंनाही सांगते. मग हात न टेकता कट्ट्यावरनं उठबस, रेलिंग धरून टाचा उचलणं, एका पायावर उभं राहणं. "बैठकाच हाईत ह्या आक्का, तुमच्या मापाच्या" म्हणायचात. लेकीनं नंतर वाचून दाखवलं की जागतिक आरोग्य संघटनाही ६५ च्या पुढच्यांना हेच सांगते, आठवड्याला निदान १५० मिनिटं चालण्यासारखा व्यायाम, २ दिवस ताकदीचा आणि ३ दिवस तोल सांभाळायचा. मला तर ते सगळं एका कट्ट्यावर मिळालं, तेही फुकट.

ज्या कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१२ ला कुस्तीसाठी खासबागेसारखं मैदान उभं केलं, जिथं अजून पहाटे तालमीत शड्डू ऐकू येतात आणि चौकात पोरं म्हशीचं धारोष्ण दूध पितात, त्या गावात म्हाताऱ्या माणसाला घरात बसा म्हणून कसं सांगतात हेच मला कळत नाही. अंग हलवायचा हक्क काय पंचविशीपर्यंतच असतो का? बाहेर पडलं की माणसं भेटतात, ऊन अंगावर येतं, भूक लागते, झोप लागते. मी तर आता लवकर झोपते, सकाळची वाट बघत.

आणि चांगली माणसं आहेत ओ, भरपूर आहेत. फुटपाथवर लावलेली गाडी मला बघून बाजूला घेणारी ती कॉलेजची पोरं, रोज "आज्जी आज उशीर?" म्हणून ओरडणारी ती पळणारी मुलगी, कट्टा ओला असला की स्वतःच्या रुमालानं पुसून देणारे ते चहावाले मामा. सगळ्यांचे आभार. पण हे सगळे मला भेटले ते तुम्ही मला उठवून चालतं केलंत म्हणून.

तुम्ही पैसे घेतले नाहीत, जेवायला या म्हटलं तर टाळलंत. या रविवारी मात्र वहिनींना घेऊन यायचंच, तांबडा पांढरा करतेय, नाही म्हटलेलं चालणार नाही. आणि हो, काठीची रबरी टोपी खालनं गुळगुळीत झालीय, तशी झाली की घसरते म्हणून बदला असं तुम्हीच सांगितलं होतं. चांगली कुठं मिळते ते तेवढं कळवा, त्या जुन्या दुकानात मी परत जाणार नाही.

तुमची,
आक्का