बुधवारी पावणेबाराला निघा

तीर्थरूप आई आणि बाबांस,

साष्टांग नमस्कार.

फोनवर सांगितलं असतं तर बाबा "बरं बरं" म्हणाले असते आणि आई, तू विषय भाजीवर नेला असतास. म्हणून कागदावर लिहिते आहे. दोघांनी वेगवेगळं वाचा. एकाने वाचून दुसऱ्याला सार सांगायचं नाही.

मी ठरवलं आहे की यापुढे माझ्या कामाच्या जेवणांना तुम्हा दोघांना नेणार नाही. हॉटेलांची आमंत्रणं, नव्या जागी चव बघायला जाणं, फोटोंसाठीची जेवणं, सगळंच त्यात आलं. रविवारी बारा दिवसांसाठी मालवणला निघते आहे, तिथेही एकटीच. तिकडे कळवूनही झालं आहे. रागावण्याआधी पुढचं वाचा.

बाबांची तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी) ७.१ टक्क्यांवरून ८.४ वर गेली. आई, तू उगाच त्यांच्या चहाच्या कपात डोकावतेस. ती चहामुळे गेलेली नाही, माझ्या जेवणांमुळे गेली आहे. आमंत्रणाच्या जेवणाची वेळ आठची सांगतात. साडेआठपर्यंत माणसं येत राहतात, मग सरबत फिरतं, मग शेफ येऊन चार शब्द बोलतात. पहिली ताटली येते नऊला आणि पोटाला आधार होईल असं काही यायला पावणेदहा वाजतात. बाबा मात्र घरच्या सवयीने आठला गोळी घेतात. जेवणाआधीची ती छोटी गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. ताट पुढे आलं आहे की नाही, हे तिला कळत नाही. मग साखर उतरते, घाम फुटतो, हात थरथरतात आणि माणूस समोर येईल ते तोंडात टाकतो, सरबत म्हणू नका, ब्रेड म्हणू नका, तळलेलं म्हणू नका. त्यावर पावणेदहाला पूर्ण जेवण, अकराला घरी आणि लगेच आडवं होणं. सकाळी उपाशीपोटी १८० दिसले की तुम्ही यंत्राला दोष देता. महिन्यातून सहा-सात रात्री असं झाल्यावर तीन महिन्यांचा आकडा वाढणारच.

दुपारच्या फोटोंच्या जेवणांचं दुखणं वेगळं आहे. खिडकीतला उजेड तीन ते साडेचार चांगला असतो, म्हणजे ना जेवणाची वेळ, ना चहाची. पंखा बंद ठेवतात, कारण वाऱ्याने वाफ उडते आणि वरची कोथिंबीर सुकते. मसाला डोसा तव्यावरून उतरला की चार-पाच मिनिटं कुरकुरीत. गार ताटलीत ठेवला की खाली वाफ धरते, बटाट्याच्या भाजीचा ओलावा वर येतो आणि कडा लिबलिबीत होतात. कांदाभज्यांचं तेच, कांद्याला पाणी सुटतं आणि बेसन मऊ पडतं. मस्तानीवरचा आइस्क्रीमचा गोळा पाच-सात मिनिटांत ग्लासाच्या काठावरून घसरतो, म्हणून फोटोसाठी दुसरा ग्लास मागवतात आणि पहिला "वाया नको" म्हणून कुणीतरी संपवतं. गेली दोन वर्षं ते कुणीतरी म्हणजे बाबा होते. आणि आई, तू नव्या कॅफेंमधल्या त्या उंच स्टुलांवर पाय लोंबकळत ठेवून दीड-दीड तास बसलीस. गुडघा असा अधांतरी राहिला की नंतर पायऱ्या उतरताना जीव जातो. तू एकदाही बोलली नाहीस. मी विचारायला हवं होतं.

बाबांचा हात माझ्या कितीतरी फोटोंत आहे. अंगठी घातलेला, पुरीचा तुकडा मोडणारा. तो हात मला हवाच आहे, पण आता घरच्या ताटावर, घरच्या वेळेला, आणि पुरी गरम असताना. त्यासाठी मी तिकडे येईन, तुम्ही माझ्याकडे यायचं नाही.

बाहेरचं खाणं बंद करा असं मी म्हणतच नाही. घरात बसून वरण-भात आणि टीव्ही, असे तुमचे दिवस मला बघायचे नाहीत. फक्त ते तुमच्या वेळेला आणि तुमच्या पद्धतीने व्हायला हवं. तेव्हा दर बुधवारी दुपारी दोघं बाहेर जेवा. मी असले तर कॅमेरा घरी ठेवून येईन. नसले तरी जायचंच. गुरुवार मुद्दाम टाळला आहे, आई, तुझे मार्गशीर्षातले गुरुवार मध्ये येतात. आणि रविवारी कुठल्याही डायनिंग हॉलबाहेर पाऊण तास उभं राहावं लागतं.

पावणेबाराला घर सोडा. आयडियल कॉलनीवरून मेट्रो घ्या. आई, लिफ्टने वर जा. सरकत्या जिन्यावर पहिलं पाऊल टाकताना तू घाबरतेस आणि तिथेच गुडघ्याला झटका बसतो. डेक्कन जिमखान्याला उतरा. ते स्थानक नदीकाठाला आहे, तिथून आपटे रोड चालत जाण्याइतका जवळ नाही, रिक्षा करा. तिथल्या श्रेयस डायनिंग हॉलमध्ये सव्वाबाराला पोहोचलात तर पोळ्यांचा पहिला घाणा मिळतो आणि वाढपी निवांत असतात. दुसऱ्या कुठल्या जुन्या हॉलमध्ये जावंसं वाटलं तर आधी फोन करून दोनच गोष्टी विचारा, जिना किती आणि खुर्चीसारखं शौचालय आहे का.

बाबा, गोळी खिशात ठेवा. ताट मांडलं, वाट्या भरल्या, की मगच घ्या. टेबलाची वाट बघताना नाही आणि रिक्षातही नाही.

अमर्याद थाळीत फसगत होते ती वाढप्याच्या वेगाने. तुम्ही मान वर करेपर्यंत वाटी पुन्हा भरलेली असते. बसल्या बसल्या सांगा, "मागितल्याशिवाय वाढू नका." त्यांना त्याचं काही वाटत नाही, रोज दहा जण सांगतात. आधी कोशिंबीर, पालेभाजी आणि उसळ खा, मग पोळी, भात शेवटी आणि एकच मूद. पोटात आधी भाजी आणि कडधान्य गेलं की साखर सावकाश चढते. गोड्या मसाल्याच्या आमटीत गूळ असतो, अळूच्या फतफत्यातही असतो, कोशिंबिरीत चिमूटभर साखर पडलेली असते. म्हणून "मी गोड घेतलंच नाही" हे बाबांचं वाक्य बाहेरच्या ताटाला लागू होत नाही. आमटी एक वाटी. श्रीखंड किंवा जिलबी जे असेल ते दोघांत एक, आणि जेवणाच्या शेवटी. तूप सोडू नका, मूदभर भातावरच्या चमचाभर तुपाने काही बिघडत नाही.

आई, तुझं पथ्य मिठाचं. दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे एक सपाट चमचा, आणि त्यात सगळं आलं. पापड, लोणचं, मिरचीचा ठेचा आणि मठ्ठा एकाच ताटात घेतलेस तर दिवसाचा वाटा तिथेच संपतो. त्यातलं एक काहीतरी निवड. मला वाटतं मठ्ठा निवडशील. पाणी घरची बाटली. बर्फ कशातच नको.

जेवण झाल्यावर बाबांनी दहा-पंधरा मिनिटं सावलीतून फेऱ्या माराव्यात. आई, तू बसून राहा, ते परत येतील.

मिसळ खावीशी वाटली तर कर्वे रोडवर काटाकिर्रला जाऊ नका, तो झणका आता तुमच्या पोटांना झेपणार नाही. नारायण पेठेत बेडेकरांकडे जा, सकाळी, नाश्त्याच्या वेळेला. ती तिखट नाही, गोडसरच आहे. फरसाण वेगळं मागा, रस्सा जपून, ब्रेडचा एकच स्लाइस. मस्तानी पूर्ण बंद नाही, बाबा. महिन्यातून एकदा, दोघांत एक, जेवणानंतर. रिकाम्या पोटी कधीच नाही.

आणि साखर उतरल्यासारखी वाटली, यंत्राने ७० च्या खाली दाखवली, तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच प्यायची. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायची. तरीही ७० च्या खाली असेल तर पुन्हा तीन चमचे. वर आली की मग काहीतरी खाऊन घ्यायचं. पेढा किंवा चॉकलेट नको, त्यातल्या स्निग्धामुळे साखर रक्तात पोहोचायला वेळ लागतो. साखरेच्या चार पुड्या बांधून बाबांच्या खादीच्या पिशवीच्या आतल्या कप्प्यात ठेवल्या आहेत. आई, त्या काढून डब्यात ओतू नकोस.

मी नसताना डबा पोळी-भाजी केंद्रातून येईल, सोमवार ते शनिवार, बुधवार दुपार सोडून. साडेअकराला येतो. एकच्या आत जेवा. भाजीत तिखट कमी आणि सोडा अजिबात नको असं सांगितलं आहे. पोळ्या आल्या आल्या कापडात गुंडाळून डब्यात घाला, तशाच झाकल्या तर खालच्या दोन ओल्या होतात. भात उरला तर पसरट भांड्यात काढून दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये. सकाळच्या फोडणीच्या भातासाठी तो रात्रभर ओट्यावर झाकून ठेवायची तुझी पद्धत आता बंद, आई. बाहेर राहिलेल्या भातात जंतू वाढून विष तयार होतं आणि ते परतूनही जात नाही.

गुरुवारच्या उपासाला बाबा तुझ्याबरोबर खिचडी खातात आणि त्याला हलकं खाणं म्हणतात. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, वर बटाटा. त्यांना त्या दिवशी ज्वारीची भाकरी आणि भाजी द्या. सोबत करायचीच असेल तर राजगिऱ्याची भाकरी, दाण्याची आमटी आणि काकडी. देवीला चालेल, मला खात्री आहे.

ताप आला की तू मेतकूट-भात कालवायचीस, तूप जरा जास्त, आणि पहिला घास स्वतःच्या ओठाला लावून बघायचीस. बाबा तुळशीबागेतून येताना भातुकलीचं एकेक भांडं आणायचे, कागदात गुंडाळून. त्यातली पितळी चूल अजून माझ्या फडताळात आहे. किती ठिकाणी जेवले, किती ताटांचे फोटो काढले, पण चव नीट लागते आहे की नाही हे मी अजून त्याच घासाशी ताडून बघते. म्हणून तुम्ही गार डोसे खाल्लेले मला चालत नाहीत.

डिसेंबरचं विसरलेले नाही. मावशीकडे जायचं ते डेक्कन क्वीननेच. आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, त्याच दिवशी काढलं, तिघांचं, शेजारी शेजारी. ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० पासून बंद आहे, त्यामुळे पूर्ण भाडं लागलं आहे. बाबा, त्यावरून चिडू नका, पैसे मी भरले आहेत. गाडी पुण्याहून सव्वासातला सुटते. आपल्या इथली मेट्रो थेट पुणे स्टेशनला जाते, सहाची घेतली तरी हातात वेळ राहतो. मोजे घाला, गाडीत पाय गार पडतात. डायनिंग कारमध्ये बाबांना बसवायची जबाबदारी माझी. चीज टोस्ट मिळेल, पण गोळी तो समोर आल्यावरच. दादरला उतरून आधी मावशीचं घर, आराम, आणि चार वाजता प्रकाशमध्ये साबुदाणा वडा, तिघांत एक प्लेट. पियूष मी पिईन, बाबा दोन घोट.

मालवणची काळजी करू नका. राहण्याची खोली घरगुती आहे, गरम पाणी आहे, मालकीणबाई तुझ्याच वयाच्या आहेत. रात्रीचा प्रवास करणार नाही. घाटात उलटी होऊ नये म्हणून निघण्याआधी पोटभर खाणार नाही, आलेपाक घेतला आहे. रोज साडेआठला फोन करेन, तुमच्या जेवणानंतर, म्हणजे बाबा फोनची वाट बघत जेवण लांबवणार नाहीत.

औषधांचे डबे वारांप्रमाणे भरले आहेत, निळा बाबांचा, पांढरा आईचा. साखर मोजायच्या पट्ट्यांच्या डबीचं झाकण पट्टी काढली की लगेच लावा, दमट हवा लागली की आकडा चुकतो. आणि बोट धुऊन पुसल्याशिवाय मोजू नका. परवा संत्रं सोलून मोजली होतीत, बाबा.

तुमची,
चिमी